धाप आणि नजर

हेमिल फुटबॉल क्लबची बस मी चालवतो, याला आता एकोणीस वर्षं होतील. माझ्या मागची पहिली जागा, दाराच्या बाजूची, ही प्यो जोंग-दूची. तिथे चुकून दुसरं कुणी बसलं तर पोरंच त्याला उठवायची. प्यो आमचा फिटनेसचा प्रशिक्षक. तो आणि मी एकाच वर्षी जन्मलेलो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे चालायचं; तो मला नुसतं हाम म्हणायचा. बाकीचे त्याला प्यो सर म्हणायचे, आणि तो ऐकत नसला की डिझेल.

डिझेल हे नाव तो स्वतः खेळायचा तेव्हाचं. बाप माकूळ पकडणाऱ्या बोटीवर, आई धक्क्यावर माकूळ फाडून दोरीवर वाळत घालणारी. घर डोंगरावर दीपगृहापाशी आणि शाळा खाली बंदरात. दिवसातून दोनदा चारशेच्या वर पायऱ्या. शाळेच्या संघात त्याला घेतलं ते पायांसाठी नव्हे, छातीसाठी. तेव्हाचे आमचे प्रशिक्षक हरलं की पळवायचे, जिंकलं की पळवायचे, आणि पाऊस आला तर पोरं आळसावतील म्हणून आणखी पळवायचे. बाकीची पोरं कडेला जाऊन ओकायची. प्यो परत येऊन विचारायचा, "अजून किती?"

चेंडू मात्र त्याच्या पायाशी थांबायचा नाही. भिंतीवर आपटल्यासारखा तीन हात लांब जायचा, आणि मग हा पळत जाऊन त्याला परत आणायचा. "चेंडू अडवला की तो माझा नसतोच, मला पुन्हा मिळवावा लागतो," असं तो स्वतःच हसत सांगायचा. तरी तीन हंगाम व्यावसायिक खेळला. समोरच्या संघातला सगळ्यांत गुणी खेळाडू निवडायचा आणि नव्वद मिनिटं त्याच्या मागे राहून त्याचा जीव नकोसा करायचा, एवढं एकच काम. पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला. मग त्याने शरीरशास्त्राचा अभ्यास केला, इकडेतिकडे शाळांमधून संघ पळवले आणि शेवटी आपल्या गावच्या क्लबात आला. बायको ओक-ही हिचं बाजारात सुक्या मासळीचं दुकान. दोघांना मूल नाही. रविवारी ती दुकान लावायची आणि तो समोर बसून ओळखीच्यांना जिने चढण्याचे फायदे सांगायचा, असा संसार.

"कौशल्य घेऊन माणूस जन्माला येतो," तो मला बसमध्ये म्हणायचा. "दम कमवावा लागतो. जे कमवता येतं त्याच्यावर माझा भरवसा."

मी म्हणायचो, "तुला मिळालं नाही म्हणून."

"हो, मग? तेच तर म्हणतोय."

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय त्या वर्षी आम्ही दुसऱ्या श्रेणीत होतो आणि गुक साहेब नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले होते. वय चव्वेचाळीस, बोलणं मोजकं. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "आपल्याकडे पैसा नाही, मोठी नावं नाहीत. पण चेंडू गेला की पाच सेकंदांत परत घ्यायचा, हे पैशाशिवाय जमतं. या श्रेणीत सगळ्यांत जास्त आपण पळायचं." मग प्योकडे वळून म्हणाले, "प्यो सर, हा संघ तुम्ही बनवायचा. बाकीचं मी बघतो."

पंधरा वर्षं प्यो दोऱ्या, शंकू आणि शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेला उभा होता. संघ तू बनव, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. त्या संध्याकाळी तो बसमध्ये चढला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

जानेवारीत आम्ही दक्षिणेला नामहे इथे शिबिराला गेलो. त्याने पोरांना वाळूत पळवलं, चढावर पळवलं, न्याहारीआधी आणि जेवणानंतर पळवलं. प्रत्येकाच्या पाठीवर, बनियनच्या आत, काडेपेटीएवढी डबी असायची; कोण किती मीटर पळाला, किती वेगाने पळाला, सगळं तिच्यातून निघायचं. प्यो त्याचा तक्ता करून जेवणघराच्या दारावर चिकटवायचा. सगळ्यांत वर असायचा बान मिन-गी, वीस वर्षांचा, उजव्या कडेने वाऱ्यासारखा सुटणारा. आणि सगळ्यांत खाली, रोज, न चुकता, सोक इन-हो.

सोक पस्तीस वर्षांचा. कधीकाळी पहिल्या श्रेणीत खेळलेला, अंगाने बारीक, पाय मुलीसारखे लहान. मधल्या फळीत उभा राहून तो असा पास द्यायचा, की घेणाऱ्याला वाटावं आपणच योग्य जागी होतो. पण एका सामन्यात आठ किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. बाकीचे अकरा किलोमीटर पळायचे.

आमच्या स्वयंपाकघरातल्या चन मावशी तक्ता वाचून म्हणाल्या, "इन-हो, तुझं नाव शोधायला मला खाली बसावं लागलं रे."

"बसा मावशी. तेवढाच तुम्हाला आराम."

सगळे हसले. प्यो हसला नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा सोक बाकावर होता.

आणि सुरुवात अशी झाली, की गावाला वेड लागायचं बाकी राहिलं. पहिल्या तेरा सामन्यांत नऊ विजय. त्यातले निम्मे शेवटच्या पंधरा मिनिटांत, कारण तोवर समोरचे कमरेवर हात ठेवून उभे असायचे आणि आमची पोरं नुकतीच मैदानात उतरल्यासारखी धावायची. मासळीच्या लिलावात बोली लावणारे गळ्यात आमचे निळे रुमाल घालून येऊ लागले. ओक-हीच्या दुकानात येणारी माणसं मासळी घ्यायच्या आधी विचारायची, "सर आहेत का? नुसतं बघायचं होतं."

जून लागला आणि समोरच्यांना युक्ती सापडली. ते चेंडू आमच्याकडेच देऊ लागले. घ्या, म्हणाले, आणि आपल्या गोलसमोर दहा माणसं उभी करून बसले. चेंडू हिसकावण्यात आमचा हात धरणारा कुणी नव्हता, पण हिसकावायला काही उरलंच नाही. चेंडू पायात आहे आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था. मिन-गी मान खाली घालून वाऱ्यासारखा सुटायचा आणि तीन माणसांच्या भिंतीवर जाऊन आदळायचा. वर उन्हाळा. सहा सामन्यांत मिळून एक गुण.

पश्चिमेकडच्या एका सामन्याहून परत येताना प्यो मांडीवर आकडे घेऊन बसला होता. "आज आपण एकशे अठरा किलोमीटर पळालो. त्यांच्यापेक्षा नऊ जास्त."

"आणि दोन-शून्य हरलो," मी म्हटलं. "मग ते नऊ किलोमीटर गेले कुठे?"

"तू रस्ता बघ."

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "तेच शोधतोय."

सापडलं ते पुढच्या सामन्यात. आम्ही एक-शून्य मागे होतो, मधल्या फळीतल्या एकाचा स्नायू दुखावला, आणि बाकावर दुसरं कुणी नव्हतं म्हणून पंचवीस मिनिटं उरली असताना सोक आत गेला. फारसा पळाला नाही. नेहमीसारखा मधे उभा राहिला, चेंडू आला की एका स्पर्शात कुठेतरी पाठवला, पुन्हा चार पावलं चालला. आम्ही दोन-एकने जिंकलो. गुक साहेब म्हणाले, नशीब. प्योला ते पटलं नाही. सोमवारी सुट्टी असताना तो डब्यांमधले आकडे काढून बसला, आणि मंगळवारी सकाळी मैदानावर त्याने सोकला बाजूला घेतलं. मी बसच्या काचा पुसत होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"तू आत गेल्यावर बाकीचे कमी पळाले," प्यो म्हणाला. "प्रत्येक जण. पण पूर्ण वेगाने पळाले ते वाढलं. असं कसं?"

"त्यांना परत यावं लागलं नाही ना, सर. आपला चेंडू सारखा जातो, म्हणून ते सारखे परत येतात. अर्धं पळणं तर चुका निस्तरण्याचं असतं."

"आणि तू चुकत का नाहीस?"

सोकने मोजे वर ओढले. "सर, तुम्ही माझी पावलं मोजता. मान कुणी मोजत नाही."

"मान?"

"चेंडू यायच्या आधी मी मागे बघतो. डावीकडे, उजवीकडे, परत मागे. चेंडू पायात आल्यावर बघायला वेळ नसतो. पाय तर सगळ्यांनाच आहेत हो."

प्यो तसाच माझ्याकडे आला. "तुझं ते मोजायचं यंत्र दे." बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो ते, सहलीच्या बसमध्ये होतो तेव्हा उतारू मोजायला घेतलं होतं. ते घेऊन तो सरावाच्या सामन्यात कडेला बसला आणि दहा मिनिटं फक्त सोककडे बघत राहिला. मान वळली की बटण. त्र्याऐंशी. मग दहा मिनिटं मिन-गी. एकवीस.

"हे बिघडलंय," तो मला म्हणाला.

"परवापर्यंत तर माणसं बरोबर मोजत होतं."

त्याने पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग उठून गुक साहेबांच्या खोलीत गेला. मी प्रवासाच्या कागदावर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"त्याचं नाव तळाला लावलंत तुम्हीच ना?" गुक साहेबांनी विचारलं.

"मीच. तो तक्ता खोटा नाही साहेब. पण अर्धा आहे."

"आठ किलोमीटर पळणाऱ्याला खेळवलं तर त्याचं ओझं बाकीच्या दहांवर पडतं. माझी सगळी पद्धत कोसळते."

"आत्ता दहा जण चेंडू घेतात आणि पुढच्या क्षणी घालवतात. मी त्यांना घालवलेल्या चेंडूमागे पळायला शिकवलं. त्यात ते देशात पहिले आहेत."

गुक साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे बोलणारा माणूस प्यो आहे, म्हणून ते ऐकत होते; सोकने स्वतः येऊन सांगितलं असतं तर दारातूनच परत गेला असता. "किती मिनिटं टिकेल तो?"

"आत्ता चाळीस. सहा आठवडे द्या, पासष्ट करतो."

मग रोज सकाळी सातला ते दोघे दीपगृहाच्या पायऱ्यांवर दिसू लागले. प्यो पुढे, सोक मागे. सोकला ते मनापासून नकोसं होतं.

"सर, मी पस्तीस वर्षं हे टाळलं होतं."

"म्हणूनच उरलंय. चल."

"गुडघ्यातून आवाज येतोय."

"माझ्याही येतोय. ऐकून घ्यायचा आणि चढायचं."

वर पोचल्यावर सोक कठड्याला धरून धापा टाकायचा, आणि तशातच प्यो त्याच्या मागे उभा राहून विचारायचा, "बंदरात निळ्या बोटी किती? बघू नकोस, चढताना किती दिसल्या ते सांग." कारण तोवर त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. सोकचे पाय थकायच्या आधी त्याची मान थकायची. पहिल्या दहा मिनिटांत ऐंशी, चाळीस मिनिटांनंतर पन्नास, तासाभराने तीस. पळताना बाहेरून काही फरक दिसायचा नाही, पण माणूस बघायचा थांबलेला असायचा. मग तोही मिन-गीसारखाच चेंडू घालवायचा.

"हाम," तो मला म्हणाला, "माझा धंदा पळवण्याचा नाहीच की काय. दमलेल्या माणसाला दिसत नाही. दम कशासाठी, तर बघता यावं म्हणून. बावन्नाव्या वर्षी कळतंय मला हे." वाईट वाटून म्हणाला नाही, रात्री चांगली झोप झालेल्या माणसासारखा म्हणाला.

दुसरीकडे दुपारी सोक मिन-गीला घेऊन बसायचा. पोराला चेंडूशिवाय काही दिसायचं नाही, म्हणून प्योने चन मावशींना मैदानावर बोलावलं. मिन-गी पुढे उभा, सोक त्याला पास देणार, आणि पास येण्याआधी मिन-गीने मागे बघून मावशींच्या हातात काय आहे ते ओरडून सांगायचं.

"मुळा!" मिन-गी ओरडला.

"कोबी आहे, गाढवा," मावशी म्हणाल्या. "तुझ्या आईने तुला भाज्या दाखवल्या नाहीत का कधी?"

"मावशी, तुम्ही हात हलवता!"

"माझं वय झालंय, हलणारच. तू मान हलव."

पुन्हा पास. "मुळा!"

"आता कांद्याची पात. हा मुलगा उपाशी मरणार."

तिसऱ्या आठवड्यात मिन-गीला भाज्या ओळखू येऊ लागल्या. पाचव्या आठवड्यात तो मागे बघून, चेंडू न थांबवताच, मोकळ्या जागेत पळाला, आणि सोकने एकट्याने टाळ्या वाजवल्या. प्योच्या यंत्रात त्या दिवशी पोराचे चौपन्न झाले होते.

सोक परत आला तो ऑगस्टच्या अखेरीस, आणि पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. दुसऱ्यात बरोबरी. मग हळूहळू गाडी रुळावर आली. पद्धत गुक साहेबांचीच होती; चेंडू गेला की पोरं तशीच तुटून पडायची. पण मिळालेला चेंडू आता सोककडे जायचा, आणि पासष्ट मिनिटं आमच्या संघात घाई नसायची. पासष्टाव्या मिनिटाला प्यो बाकावरून खूण करायचा, सोक बाहेर यायचा, त्याच्या जागी एखादा ताजा, पळणारा माणूस जायचा आणि आम्ही आघाडी राखायचो. आठव्या जागेवरून आम्ही पाचव्यावर चढलो. पाचवा संघ चौथ्याच्या मैदानावर एक सामना खेळतो. जिंकला तर बढतीच्या आशेने पुढे जातो. बरोबरी झाली तर चौथाच पुढे.

नोव्हेंबरमधला सामना, दुपारी दोनचा. आमच्याकडून अकरा बस गेल्या. सोकची बायको आणि मुलगी दक्षिणेतून आल्या होत्या, कारण हंगाम संपला की तो खेळणं थांबवणार हे त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

अडतिसाव्या मिनिटाला सोकने समोरच्या गोलकडे पाठ असलेल्या मिन-गीला पास दिला. मिन-गीने तो यायच्या आधी मागे बघितलं होतं. त्याने चेंडू अडवला नाही, आपल्या बाजूने जाऊ दिला आणि वळून मोकळ्या जागेत त्याला गाठलं. एक-शून्य. चन मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड इतका आवळला, की चार दिवस निळा होता.

पासष्ट मिनिटं झाली. मी बाकाच्या मागच्या रांगेतच होतो. गुक साहेबांनी प्योकडे न बघता विचारलं, "काढायचा?"

प्योच्या हातात यंत्र होतं. मागच्या दहा मिनिटांचा आकडा त्याने मला नंतर सांगितला. अठ्ठावीस. त्याने मैदानाकडे बघितलं. सोक कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याने प्योकडे बघून बोटं वर केली, दहा. अजून दहा मिनिटं.

"राहू दे साहेब," प्यो म्हणाला. "आहे त्याच्यात अजून."

एकोणऐंशीव्या मिनिटाला सोककडे एक साधा पास आला. सगळ्या हंगामात असे हजार आले असतील. मागून त्यांचा एक माणूस येत होता, घाईने नाही, सरळ. सोकने बघितलं नाही. त्या माणसाने चेंडू काढून घेतला, दोन पासांत गोल. सोकला लगेच बाहेर काढलं. तो बाकावर येऊन बसला आणि त्याने डोक्यावर टॉवेल घेतला. उरलेली मिनिटं आमची पोरं जीव खाऊन पळाली. एक-एक. आम्ही बाहेर.

परतीच्या वाटेवर प्यो हातातलं यंत्र उलटसुलट करत बसला होता. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"अठ्ठावीस होता. मी त्याला काढायला हवं होतं. माझा शेवटचा सामना आठवतो तुला? मध्यंतरानंतर मला बाहेर काढलं. तो शेवटचा आहे हे मला माहीत नव्हतं, काढणाऱ्यालाही नव्हतं. मी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि पुढच्या आठवड्याचा विचार करत बसलो. आज त्याच्याकडे बघितलं आणि तोंडातून 'राहू दे' निघालं."

मी म्हटलं, "दुसरा कुणी असता तरी गोल झालाच असता कदाचित."

"कदाचित. पण मी कदाचितवर पगार घेत नाही."

डोंगर ओलांडल्यावर थांब्यावर बस उभी केली. अंधार पडला होता. पोरं गरम सूप प्यायला उतरली. गुक साहेब उभ्यानेच माशाच्या वड्या खात होते. प्यो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, आकड्यासकट. गुक साहेबांनी वडी संपवली, काडी कागदाच्या पेल्यात ठेवली.

"मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?" ते म्हणाले. "तो थकलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला 'राहू दे' हेच ऐकायचं होतं. म्हणून तर विचारलं. एरवी विचारतो का मी?"

"तरी सांगायला हवं होतं मी."

"हो. आणि मी काढायला हवं होतं. सूप घ्या, गार होतंय."

सोक बसमध्येच होता, शेवटच्या बाकावर. प्यो त्याच्याकडे गेला. त्याने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. सोकचं उत्तर मात्र प्योने मला कितीतरी वेळा सांगितलंय. सोक म्हणाला होता, "सर, बोटं मी वर केली. तुम्ही काढलं असतंत तर जन्मभर म्हटलं असतं, प्यो सरांनी घात केला. आता माझं मलाच म्हणायचंय. त्यात निदान भांडण नाही."

प्योला त्याने बरं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. महिनाभर तो बाजारातून मागच्या गल्लीने जायचा. एकदा लिलाववाल्याने गाठलंच. "सर, वर्षभर एवढं पळवलंत, आणि ऐन वेळी एक मान वळेना?" त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो सहज थट्टा करत होता. ओक-ही दुकानातून ओरडली, "तुम्ही आधी ही मासळीची पेटी उचलून तिकडे ठेवा, मग खेळावर बोला." त्याने अर्ध्या वाटेत पेटी टेकवली आणि धापा टाकू लागला. प्यो त्या महिन्यात पहिल्यांदा हसला.

डिसेंबरात त्याने गुक साहेबांपुढे कागद ठेवला. सोकच्या जागी कोण, हा प्रश्न सगळे विचारत होते. अध्यक्ष परदेशातून माणूस आणायच्या गोष्टी करत होते. प्यो म्हणाला, कुणी एक नको. मधल्या चौघांनी मिळून तेवढं बघायचं, आणि नव्वदाव्या मिनिटालाही बघता येईल इतका दम मी त्यांच्यात भरतो. जेवणघराच्या दारावरचा तक्ता तसाच राहिला, फक्त त्यात एक रकाना वाढला. सहा महिने पोरं त्याला मानदुखीचा रकाना म्हणत होती.

पुढच्या वर्षी आम्ही तिसरे आलो आणि पुन्हा बाहेर पडलो. त्याच्या पुढच्या वर्षी वर गेलो. तोवर मिन-गीला एका मोठ्या क्लबने नेलं होतं. सोक बायकोच्या गावी समुद्रातल्या शेवाळाच्या शेतीत रमलाय. नव्या वर्षाला वाळवलेल्या शेवाळाचं खोकं येतं, त्यावर चन मावशींचंही नाव असतं.

पहिल्या श्रेणीतला आमचा पहिला सामना तीन-शून्य गेला. परत येताना पोरं डबे उघडून भाताचे रोल खात होती. प्यो आपल्या जागेवर आकडे घेऊन बसला होता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"आपल्यापेक्षा जास्त पळाले," तो म्हणाला. "आणि जास्त बघतही होते."

"मग?"

त्याने कागदांची घडी करून खिशात ठेवली आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "उद्या नऊला. कुणी उशीर करायचा नाही."

मागून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. मी गाडीचा वेग कमी केला, बोगदा आला होता.